नटाची पिन खिशात राह्यली

हिराभिया,

घरी आला असशील तर ट्रक आता जागचा हालवू नको. कोणालेच हात लावू देऊ नको.

स्प्रिंगचे नवे पाटे घालून आपण ट्रक उंच केला, तवापासून तो डावीकडे ओढत होता. "यवतमाळचा मिस्त्री बोलाव," असं तू म्हटलं होतं. मीच हट्टानं काल मागच्या चाकापासून पुढच्या चाकापर्यंत दोरी ताणली आन् पुढच्या चाकांमधला दांडा फिरवून चाकं सरळ केली. ट्रक नीट चालाले लागला तवा तू माही पाठ थोपटली. आज वहिनीले घेऊन निंगतानी तू विचारलं, "धावजी, समदं पक्कं कसलं ना?" मी म्हटलं, "किती वेळा विचारतं?" आन् खाली वाकून पाह्यलंच नाई.

तुमी गेल्यावर सदरा धुवाले काढला, तं खिशातून त्या दांड्याच्या नटाची पिन पडली. पिनेबिगर नट हादऱ्यानं सुटते. दांडा निसटला का चाकं दोन दिशेले जातात, मंग स्टेअरिंग काही ऐकत नाई.

वहिनी दोन जिवाची. बैलगाडीपेक्षा ट्रकमंदी धक्के कमी बसतीन, असं मीच तिले सांगितलं.

सायकल घेऊन शेतातल्या वाटेनं जाऊन राह्यलो. दारव्ह्याच्या रस्त्यावर, पुलाच्या आधी, तुमाले गाठतो. चुकामूक झाली आन् तू दुसऱ्या रस्त्यानं परत आला तं, म्हनून हे लिहून ठेवलं.

मले पायजे तेवढं मार. पन भिया, घरी येऊन ही चिठ्ठी तूच वाच.

धावजी