शून्यांचा रकाना

१४ ऑगस्ट

भावोजी,

नमस्कार. सप्रेम लिहायला हात वळत नाही, म्हणून नुसताच. आम्ही बरे आहोत. तुमचं पत्र पोचलं.

चार पानं लिहिलीत, पण त्यात "माझं चुकलं" कुठेच नाही. उलट मलाच शिकवलंत, की शीतगृहाच्या यंत्रांची माहिती तपासण्याआधी निरुपयोगी रकाने काढावेच लागतात. अमोनियाच्या रकान्यात नुसती शून्यं होती, आणि जो आकडा कधी बदलतच नाही त्यातून संगणक काही शिकत नाही. पटलं. शिकायला तो रकाना नको होता, मान्य. पण पहाऱ्याला हवा होता ना? वायू गळला नव्हता म्हणून शून्यं होती. घरात कधी चोर आला नाही म्हणून कोणी दाराची कडी उपटून टाकतं का?

आणि काढलात तर काढलात, सांगितलं का नाहीत? संगणकाचा नवा पडदा सगळ्यावर लक्ष ठेवतो असं समजून साहेबांनी वायू गळला की वाजणारी जुनी घंटाही उतरवली. तुम्ही त्याच बैठकीत होतात. मूग गिळून बसलात.

त्या दिवसाचं लिहिणार नव्हते. यंत्रखोलीच्या दाराशी फिटर अडला होता. "वास येतोय," म्हणाला. तुमच्या दादांनी पडद्यावरचा हिरवा दिवा पाहिला आणि हसले. "माझ्या भावाने बसवलंय ते. हो बाजूला, मीच जातो." दार उघडलं आणि वायूचा लोट थेट तोंडावर.

मला हे सांगताना फिटर रडला. तुम्ही इस्पितळात आलात ते ऑफिसचा माणूस सोबत घेऊन, आणि "सगळं नियमाप्रमाणेच झालंय" एवढं बोलून चालते झालात.

बरे आहोत असं वर लिहिलं, ते खोटं. डावा डोळा गेला. उजव्याबद्दल डॉक्टर हल्ली विषयच बदलतात.

तुमचं पत्र मीच वाचून दाखवलं. वाटलं, आता तरी चिडतील. तर म्हणतात, "पोरगं घाबरलंय गं. बोलाव त्याला." मी भांडले, ताट आपटलं, अबोला धरला. त्यांचं आपलं एकच पालुपद.

म्हणून लिहितेय. या. त्यांच्यापाशी हवं तेवढं बसा. ते तुम्हाला माफ करतील, करून बसलेत. माझ्याकडे मात्र तेवढ्यासाठी पाहू नका. मी दार उघडेन आणि आत निघून जाईन.

तुमच्या दादांची बायको.
वहिनी आता म्हणू नका.