आधी कालचा

५ ऑक्टोबर, सकाळ

ही परवा तिच्या थोरल्या बहिणीकडे गेली. हवापालट. जाताना म्हणाली, काही दिवस ताईकडे राहते, जरा ताजं खाईन म्हणते. बरोबरच आहे. मेव्हणीच्या घरामागे भाजीचे वाफे आहेत आणि या वयात पालेभाजी पोटात जायलाच हवी. मीच किती वेळा सांगितलंय.

दोन मोठ्या बॅगा नेल्या. शिवाय थंडीचा जाड कोट. आत्ताशी कुठे पहाटे गार वाटायला लागलंय आणि ही कोट घेऊन निघाली. म्हणजे माझ्यासोबत राहून पुढचं बघायची सवय लागली म्हणायची.

संकल्प: ही येईपर्यंत घर थंडीसाठी सज्ज. खिडक्यांच्या फटी बुजवणे, रजया उन्हात घालणे, भाज्या वाळवणे, जॅम, लोणचं. रोजचं जेवण घरचं, पौष्टिक, काटकसरीचं. औषध कंपनीचं अख्खं गोदाम सांभाळलंय मी. रिटायर होईपर्यंत एक खोकं एक्स्पायर होऊ दिलं नाही. दोन खोल्या आणि एक स्वयंपाकघर म्हणजे हातचा मळ. पंधरा दिवस पुष्कळ झाले. ही आल्यावर तोंडात बोट घालेल.

६ ऑक्टोबर

फ्रिज आवरला. डब्याडब्यावर तारखेची चिठ्ठी. जुनं पुढे, नवं मागे. गोदामाचा पहिला नियम, आधी आलेला माल आधी बाहेर. आमचं घर लग्नापासून याच नियमावर चाललंय.

भाज्यांच्या सालांचं सूप केलं. सगळं सत्त्व सालातच असतं. तळमजल्यावरच्या टेलरमास्तरांना मुद्दाम वर बोलावलं. दोन चमचे घेतले आणि त्यांना एकदम एका गिऱ्हाइकाच्या बाह्या आठवल्या. माणूस कामाचा पक्का आहे. उरलेलं सूप डब्यात भरून तारीख घातली.

९ ऑक्टोबर

पाव घरीच करायचा. आमच्याकडे बाहेरचा पाव कधी आला नाही. ही रोज पहाटे उठून कणीक मळायची, मी उठेपर्यंत ओव्हनमधून पाव बाहेर आलेला असायचा. घरभर वास. मग तो फडक्यात गुंडाळून ठेवायचा आणि आदल्या दिवशीचा कापायचा. नियम म्हणजे नियम. लग्नाच्या सुरुवातीला एकदा पाहुणे येणार म्हणून जास्तीचा पाव केला, पाहुणे आलेच नाहीत. तो उरलेला पाव दुसऱ्या दिवशी आधी संपवला, म्हणून त्या दिवशीचा उरला. तेव्हा जी घडी बसली ती आजतागायत. एक तुकडा वाया नाही.

हे मास्तरांना समजावून सांगितलं. ते म्हणाले, म्हणजे वहिनींनी रोज गरम पाव केला आणि रोज शिळा खाल्ला? मी म्हटलं, शिळा नाही, कालचा. त्यावर म्हणे, एक दिवस कालचा टाकून द्यायचा होतात, पुढे जन्मभर ताजा मिळाला असता. टाकून! माणसानं आपल्या कात्रीपुरतं बोलावं.

माझा पाव आज फुगला नाही. यीस्ट बिचारं थंडीनं गारठलं असणार. दाराला टेकण म्हणून लावला तरी चालेल इतका भक्कम झालाय. अर्थात आधी खायचा.

१० ऑक्टोबर

हिला फोन केला. मेव्हणीनं उचलला. ही मागे शेंगा तोडतेय म्हणाली, बोलवू का म्हणून विचारलंसुद्धा नाही. निरोप ठेवला की कोबी स्वस्त झालाय, घेऊन ठेवतो. मेव्हणी नुसतं बरं म्हणाली. ती पहिल्यापासून तुटकच.

१३ ऑक्टोबर

सफरचंदांचा सीझन संपत आला म्हणून नऊ तारखेला भाजीवाल्याकडून मोठी करंडी आणली. डॉक्टर लोक उगीच नाही सफरचंद खा म्हणत. डाग पडलेली वेगळी काढली, ती आधी. पण अडचण अशी की डागाळलेली संपवेपर्यंत पुढच्यांना डाग पडतो. चार दिवसांत एकही चांगलं सफरचंद तोंडात गेलेलं नाही आणि करंडीत चांगली दिसतायत पुष्कळ. पोट जरा बिघडलंय. हवामान.

लाल भोपळेही घेतलेत, थंडीभर टिकतात. ठेवायला जागा नव्हती, तर हिचं कपाट उघडलं. अख्खं मोकळं. ही एवढे कपडे घेऊन गेली असेल असं वाटलं नव्हतं. असो, कोरडी, अंधारी जागा, भोपळ्यांना अगदी योग्य. तीन कप्पे भरले.

कपाटाला अजून तिच्या पावडरचा वास येतो. भोपळ्यांना लागू नये म्हणजे झालं.

१७ ऑक्टोबर, दुपार

जॅम. मध्यम आचेवर ठेवून खिडकीच्या फटी बुजवायला गेलो. एका वेळी दोन कामं, गॅसचीही बचत, वेळेचीही. परत आलो तर घरात धूर आणि पातेल्याच्या तळाला डांबर. आता फटी बुजवलेल्या, त्यामुळे धूर बाहेर जाईना. पुन्हा सगळ्या उकरल्या.

वरचा वरचा भाग बरणीत भरला. थोडा कडसर लागतो. कडू पोटाला चांगलं. पातेलं हिच्या आईनं दिलेलं होतं. घासून निघेल.

१८ ऑक्टोबर

निघालं नाही.

२१ ऑक्टोबर

मास्तरांकडे पँट अल्टर करायला दिली, सैल होतेय. पौष्टिक आहाराचा परिणाम. बोलता बोलता ते म्हणाले, वहिनींना नवी जागा मानवली का? मी म्हटलं, नवी जागा कसली, चार दिवसांची पाहुणी. मास्तर सुईत दोरा ओवत राहिले. मग सांगितलं की हिनं ऑगस्टमध्येच सगळे गरम कपडे त्यांच्याकडून नीट करून घेतले होते. ऐन उकाड्यात.

ऑगस्टमध्ये थंडीची तयारी! बघा, याला म्हणतात नियोजन. मास्तरांना म्हटलं, कुणाच्या हाताखाली तयार झालीय शेवटी. त्यांनी पँटचे पैसे घेतले नाहीत. कितीही आग्रह केला तरी घेतले नाहीत. का कोण जाणे.

रात्री जेवण गेलं नाही. डब्यावर तारीख घालून ठेवलं.

२६ ऑक्टोबर

लेक आली. आल्या आल्या खिडक्या उघडल्या. फ्रिज उघडला, बंद केला. सहा तारखेचं सूप अजून आहे हे बघून कपाळाला हात लावला. मी समजावलं की त्याच्या आधीचं संपल्याशिवाय त्याचा नंबर येत नाही. तिनं ऐकून घेतलं नाही, डबे मोरीत ओतत सुटली. मी अडवायला गेलो तर रडायला लागली. सालांच्या सुपासाठी माणूस रडतं का?

मग बसली आणि स्वच्छ सांगितलं. आई हवापालटाला गेलेली नाही. तिला इथे परत यायचं की नाही हे तिचं तिलाच कळत नाहीये. लेकीनं विनवण्या केल्या म्हणून रविवारी येणार आहे. एक दिवस राहीन, बघेन, मग ठरवेन, असं म्हणालीय.

लेक माझा हात धरून म्हणाली, "बाबा, त्या दिवशी साठवणीचं काही बोलू नका. तिला नुसतं काहीतरी चांगलं खायला घाला. एवढंच करा."

एवढंच ना? मला वाटलं काय आणि काय. एवढ्यासाठी ऑफिसातून रजा काढून आली पोरगी. फाजील काळजी करण्यात आईवर गेलीय.

ती गेल्यावर बराच वेळ खुर्चीत बसून होतो. दिवा लावायचं राहिलं. विजेची बचतच झाली म्हणा.

२९ ऑक्टोबर

पाव जमायलाच हवा. मेव्हणीला फोन केला, हिला नको, तिलाच विचारायचं होतं. हिची पाव करायची पद्धत काय? मेव्हणी पहिल्यांदाच माझ्याशी जरा मऊ बोलली. पाणी कोमट घ्या, कणीक झाकून उबेला ठेवा, घाई करू नका, मध्येच फडकं उचलून बघू नका. मग म्हणाली, ती इथे पण रोज करते, आणि गरम असतानाच उभ्या उभ्या खाते, लोणी लावून, लहान मुलीसारखी. मी म्हटलं, गरम पाव पचायला जड असतो, तिला सांगा. मेव्हणीनं फोन ठेवला.

३१ ऑक्टोबर, संध्याकाळ

आज जमला! फुगला, वर छान तांबूस रंग आला, टिचकी मारली तर पोकळ आवाज. मास्तरांना जिन्यात हाक मारून दाखवला. त्यांनी वास घेतला, पाठ थोपटली. चाखायला मागत होते, म्हटलं आत्ता नको, परवाचा अर्धा शिल्लक आहे, रात्री आधी तो संपवतो.

घर लख्ख. रजया उन्हात घालून आणल्या. हिच्या बाजूची उशी बदलली. उद्या पहाटे उठून पुन्हा पाव करायचा, खास हिच्यासाठी. झोप येईल असं वाटत नाही. लग्नाच्या आदल्या दिवशीही एवढी धाकधूक झाली नव्हती.

१ नोव्हेंबर, सकाळ

कालच्यापेक्षा सरस! फडक्यात गुंडाळून ठेवलाय, हात लावला तर अजून कढत. घरभर तोच वास, तिच्या पहाटेचा. डोळ्यांत पाणी आलं. ओव्हनची वाफ लागली असणार.

१ नोव्हेंबर, रात्र

जे झालं ते लिहून ठेवतो.

ही अकराच्या सुमारास आली. हातात एक छोटी बॅग. कोट काढून खुंटीला लावला, मला फार बरं वाटलं. चेहरा टवटवीत झालाय. दारातच थांबली आणि म्हणाली, किती छान वास येतोय, तुम्ही केलात? मी हो म्हटलं. हसली. खरंच हसली.

बॅग ठेवायला कपाट उघडलं तर भोपळे. तेव्हाही हसलीच. म्हणाली, माझ्या जागी बरी माणसं आणून बसवलीत. मी लगेच सांगितलं, हे आधीचे दोन संपले की वरचा कप्पा मोकळा करतो. बॅग तिनं खालीच ठेवली.

टेबलाशी बसली. मी चहा केला, लोणी काढलं, बशी मांडली, सुरी घेतली. आणि पाव कापून तिच्यापुढे ठेवला.

कालचा.

माझ्या मनात काहीच नव्हतं. हात आपोआप डब्याकडे गेला. डबा पुढे होता, फडकं मागे. तिनं बशीकडे पाहिलं, मग फडक्याकडे बोट दाखवलं. तो?

मी म्हटलं, "तो उद्या. आधी कालचा संपवू."

तिनं सगळा तुकडा खाल्ला, सावकाश, चहात न बुडवता. चुरा बोटानं टिपून खाल्ला. तेव्हा माझ्या लक्षात आलं. मी उठलो, फडकं सोडलं, सुरी हातात घेतली, म्हटलं, अगं थांब, हा कापतो, तुझ्यासाठीच केलाय, पहाटे उठून केलाय.

ती म्हणाली, "नको हो. आता पोट भरलं."

आवाजात राग नव्हता. राग असता तर भांडलो असतो. मी उभाच, सुरी हातात, पाव कापावा की ठेवावा कळेना. ती म्हणाली, तुम्ही वाईट नाही हो, आपल्या घरात आज असा कधी आलाच नाही, एवढंच. मग बशी धुतली, पुसून जागेवर ठेवली. राहायला आली होती ती दुपारच्या बसनं गेली. बॅग उघडलीही नव्हती.

मास्तरांच्या दुकानापुढून जाताना त्यांच्याशी दोन शब्द बोलली, खिडकीतून दिसत होतं. वर पाहिलं नाही.

२ नोव्हेंबर

विचार केला. तिनं नको म्हटलं ते तब्येतीमुळे असावं. प्रवासात भूक मरते.

कालचा, म्हणजे परवाचा, अजून दोन तुकडे आहेत.

४ नोव्हेंबर, संध्याकाळ

लेकीचा फोन आला. आईनं ताईमावशीकडेच राहायचं ठरवलंय. मी बरं म्हटलं. तिनं विचारलं, तुम्ही ठीक आहात ना? मी म्हटलं, ठीक न राहायला काय झालं. फटी बुजवून झाल्यात, कोबी घरात आहे.

फोन ठेवला आणि मग मीच मेव्हणीकडे लावला. या वेळी हिनंच उचलला. मी कोबीचं बोललो नाही. सरळ विचारलं, येतेस का? ती म्हणाली, नाही हो. मग नेहमीसारखंच विचारलं, जेवलात का?

हो म्हटलं. सांगितलं, तू गेल्यावर तो पाव लगेच कापला, गरम गरम, लोणी लावून खाल्ला. तिला फार आनंद झाला. म्हणाली, बरं केलंत, आता रोज तसंच खात जा. मी हो हो म्हटलं.

खोटं बोललो. तिच्या पावाला मी अजून सुरी लावलेली नाही.