खिळ्यावरचं नान

ताश्कंद, ५ एप्रिल १९८८

चि. सोबिर यास थोरल्या बहिणीचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

पाय प्लास्टरमध्ये आणि जीव टांगणीला, अशी माझी गत आहे. आपल्या गावच्या, कोकतेरकच्या डोंगराला भेग पडली. वरची गल्ली रिकामी करा असा हुकूम निघाला, शेजारीपाजारी खाली राहायला गेले, आणि आपली आई एकटी त्या घरात बसून आहे. रुस्तम सैन्यातून परतला आणि दाराला कुलूप दिसलं तर, असं म्हणते. पाच वर्षं धाकट्याची खबर नाही, हे तिला कोण समजावणार? जाताना त्याने रिवाजाप्रमाणे एक घास घेतलेलं नान अजून खिळ्यावर लटकतंय. ज्याने घास घेतला त्यानेच त्या घरी येऊन ते संपवायचं, तोवर हलवायचं नाही, हा तिचा हट्ट.

बाबांना माती दिल्यावर तू त्या गावाकडे फिरकला नाहीस. मास्तर झालास, समरकंदचा झालास. आता तरी जा. पावसाच्या आत तिला माझ्याकडे पाठव. हातापाया पड, भांड, काहीही कर. त्या नानला तेवढा हात लावू नकोस.

मुलांना पापे. रागावले तरी माया तेवढीच आहे.

ओयदिन


कोकतेरक, १४ एप्रिल

आदरणीय ओयदिन ओपा, थोरल्या बहिणीला सोबिरचा सलाम. वि. वि.

बसमधून उतरलो तर चहाखान्यातल्या म्हाताऱ्यांनी आधी बाबांच्या चेहऱ्यावरून मला ओळखलं, मग माझा खरपूस समाचार घेतला. रुस्तम ज्यावरून पडला होता ते जर्दाळूचं झाड फुललंय, पण भिंतीवर कललंय. आपण मेंढीच्या हाडांनी खेळायचो तिथेच भेग आहे. हात घातला तर खांद्यापर्यंत आत गेला. घाबरून काढला.

आईने दारातच विचारलं, की पाहुणे किती दिवस राहणार? मी विनवलं, रडलो, ओरडलोसुद्धा. ती म्हणाली, डोंगर माझ्याहून म्हातारा आहे, त्याला घाई नाही. आज पाऊस सुरू झाला, मागच्या भिंतीतून चिखल गळू लागला आणि माझा धीर सुटला. ती झऱ्यावर गेली असताना मी नान उतरवलं. वाटलं, ते माझ्या पिशवीत गेलं की तीही मागे येईल. ओपा, हातातच त्याचा चुरा झाला.

पुढचं लिहायला लाज वाटते. खालच्या गल्लीतून नान आणलं, घास घेतला, तंदूरच्या धगीवर वाळवलं आणि खिळ्याला लावलं. आई आली. दारातूनच तिने भिंतीकडे पाहिलं. मग बोचकं बांधायला लागली, आणि ते नान स्वतःच्या हाताने उतरवून ओढणीत गुंडाळलं! तिला कळलं का? विचारायची छाती नाही. उद्या तिला ताश्कंदच्या बसमध्ये बसवून मी परस्पर समरकंदला जातो. खऱ्या नानचा चुरा रुमालात बांधून खिशात ठेवलाय. तिला सांगू नका, माझी शपथ आहे.

काय शिव्या द्यायच्या त्या द्या, पण पत्रं बंद करू नका.

सोबिर


ताश्कंद, २३ एप्रिल

चि. सोबिर यास आशीर्वाद. वि. वि.

आई सुखरूप पोचली. शुक्रवारी डोंगर खाली आला. वरची गल्ली, घर, जर्दाळू, सगळं मातीखाली गेलं. खबर ऐकून ती एवढंच म्हणाली, की चहा टाक.

अरे मास्तरा, तुला झाड आठवलं, पण त्यावरून पडून रुस्तमचा पुढचा दात अर्धा तुटला ते नाही आठवलं? तुझ्या घासात दातांची ओळ कशी अखंड! तिने दारातूनच ओळखलं. मग निघालीस कशी, असं मी विचारलं. म्हणाली, रुस्तमला तेवढंच घर ठाऊक, म्हणून त्याचं नान हलवता येत नव्हतं. सोबिरला मी कुठेही असले तरी माझा पत्ता ठाऊक असतो. ठाऊक असून येत नाही ही गोष्ट वेगळी. पण त्याचं नान डोंगराखाली कसं जाऊ देऊ?

काल माझ्या स्वयंपाकघरात तिने शेजाऱ्याकडून दोन खिळे ठोकून घेतले. एकावर तुझं नान लावलं. दुसऱ्या, रिकाम्या खिळ्यासमोर बसून रुस्तमसाठी पहिल्यांदा रडली. मीही रडले.

तुझ्या खिशातल्या रुमालाचं मी काही बोलले नव्हते. तिचं तीच म्हणाली, की जमिनीवर एक कण सांडलेला नव्हता, म्हणजे रुस्तमच्या नानचा चुरा सोबिरने वेचून नेलाय. दुसरा खिळा त्यासाठीच आहे. टपालाने पाठवू नकोस. स्वतः घेऊन ये, आणि तुझं नान संपव.

माया आहेच, आता पाय उचल.

ओयदिन