सरळ केलेल्या ओळी

बेळ्ळंदूर,
३० डिसेंबर २०२४

ती. प्रेमाआत्यास शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला नीट ऐकू येत नाही, आणि जे. पी. नगरला मी गाडीने निघालो तर इथल्या ट्रॅफिकमुळे टपाल माझ्या आधी पोचते, म्हणून हे पत्र. संगणकाची भाषा शिकवणारे आपले ‘पायथन घरच्या घरी’ छापून आले. तीनशे प्रती आल्यामुळे सोफ्यावर पुस्तके बसतात आणि आम्ही दोघे सतरंजीवर. तुझी प्रत सोबत आहे.

१९ जानेवारीला तुमच्याच भागातल्या मंडळाच्या हॉलमध्ये प्रकाशन आहे. त्यासाठी वाचकांना निवेदन लिहितो आहे. हा नववा खर्डा. पहिल्यात मी स्वतःला ‘मराठी संगणकविद्येचा पाईक’ म्हटले होते. श्वेताने वाचून विचारले, की हे गृहस्थ कधी वारले. अशी बायको असली की समीक्षक वेगळा लागत नाही.

मुद्रितशोधन तू केलेस, म्हणून शेवटची प्रुफे मी न उघडताच छापखान्याला पाठवली. कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात चौतीस वर्षे रेषा तपासलेल्या बाईला मी काय तपासणार? शिवाय तेव्हा मी मलपृष्ठासाठी फोटो निवडत होतो. सत्तर काढले, एकातही बुद्धिमान दिसलो नाही.

तुझा लोभ असू दे, टीका घरात भरपूर आहे.

तुझा,
शंतनु


जे. पी. नगर,
६ जानेवारी २०२५

चि. शंतनु यास अ. उ. आ.

पुस्तक पोचले. कागद छान आहे. फोटोत दाढ दुखत असल्यासारखा दिसतोस, पण ते असो.

प्रुफे पाहताना मी फक्त मराठी तपासली होती. म्हटले, आता शिकूनच पाहावे. आमचा नातू ईशान अमेरिकेला जाताना लॅपटॉप ठेवून गेला आहे, त्यावर बसले. पहिली दोन प्रकरणे सुरळीत गेली. तिसऱ्यापासून एकही प्रोग्राम चालेना. पुस्तकात आहे तसाच टाइप करते, तरी लाल अक्षरांत चूक दाखवतो. चार दिवस झाले. तू तर लिहिले आहेस, की सातवीतल्या मुलालाही जमेल.

कोणाला सांगू नकोस, पण मला भीती वाटते रे. माझ्या आईचेही असेच सुरू झाले होते. आधी विणकामातले टाके चुकले, मग आमची नावे. १९ तारखेला मी येत नाही. चारचौघांत काही विचारले आणि मला सुचले नाही, तर तुझी शोभा होईल.

एकाच गोष्टीचे समाधान आहे. तुझ्या प्रोग्रामांच्या ओळी कुठे आत, कुठे बाहेर होत्या, लहान मुलाच्या दातांसारख्या. लाल शाईने खुणा करून मी त्या सगळ्या डावीकडे एका रेषेत आणवल्या. तेवढे तरी हातून नीट झाले.

श्वेताला आशीर्वाद. म्हातारीवर माया ठेवा.

तुझी,
प्रेमाआत्या


बेळ्ळंदूर,
९ जानेवारी २०२५

ती. आत्यास शि. सा. न. वि. वि.

तुझे पत्र वाचले आणि पुस्तक पहिल्यांदाच उघडून पाहिले. लेखकाने हे आधी करायचे असते, असे श्वेता म्हणते.

पायथनमध्ये ओळ आत सरकवतात ती हौस म्हणून नव्हे. कोणती ओळ कोणाच्या हाताखाली आहे, हे यंत्राला त्या मोकळ्या जागेवरूनच कळते. तू सगळ्यांना एका पंगतीत बसवलेस, त्यामुळे त्याला साहेब कोण आणि शिपाई कोण ते समजेना. तिसऱ्या प्रकरणापासून एकेचाळीसच्या एकेचाळीस प्रोग्राम निकामी आहेत. तू बाहेर ओढलेल्या ओळी पुन्हा चार-चार मोकळी घरे आत घेऊन बघ.

खोटे कशाला बोलू, आधी छापखान्यावर ढकलावे असे मनात आले. पण लाल खुणा तुला लख्ख आठवतात, आणि तेच तुला सांगायचे आहे. तुझे डोके शाबूत आहे. बिघडले आहे ते पुस्तक, आणि आरशापुढून न हललेला लेखक.

हॉल रद्द करतो आहे. दहावे निवेदन दोनच वाक्यांचे झाले: ‘पुस्तक आले होते. आल्या पावली परत गेले.’

पुस्तक बुडाले तरी भाच्यावरचा लोभ तरू दे.

तुझा,
शंतनु


जे. पी. नगर,
१४ जानेवारी २०२५

चि. शंतनु यास अ. उ. आ.

पुस्तक बुडाले हे वाचून मला इतका आनंद झाला, की देवापुढे साखर ठेवली. मग तुझी आठवण झाली आणि लाज वाटली. रडलेही थोडी.

ओळी आत घेतल्या आणि प्रोग्राम चालले. कालपर्यंत एकोणतीस झाले. तिसाव्यात मात्र चूक तुझी आहे, ती माझ्या नावावर घालू नकोस.

हॉल रद्द करायचा नाही. शेजारच्या गौरी अक्का संक्रांतीचे एळ्ळु-बेल्ला, म्हणजे त्यांचा तीळगूळ, घेऊन आल्या होत्या, त्यांना मी आमंत्रणही देऊन बसले आणि त्या ‘सरी सरी’, म्हणजे बरं बरं, म्हणाल्या. एकेचाळीसही प्रोग्रामांचे शुद्धिपत्र मी करते आहे. ते प्रत्येक प्रतीत घाल, आणि या वेळी छापण्याआधी वाच.

माझा लोभ धरून चाल, वाचकांचा तुझा तू मिळव.

तुझी,
प्रेमाआत्या

ता. क. निवेदनात लपवाछपवी नको. स्पष्ट लिही, की या ओळी लेखकाच्या आत्याने सरळ केल्या, तिचे वय बहात्तर आहे, आणि त्या वेळी ती पूर्ण शुद्धीवर होती.