दार लावून तपासावे

नमो बुद्धाय.

मी, मथुराबाई पंजाबराव मुनेश्वर, वय एकाहत्तर, सेवानिवृत्त नर्स, राहणार लोहारा, यवतमाळ, पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहिते. शुद्धीत असल्याचे सगळेच लिहितात. माझ्याकडे मात्र पुरावा आहे! लाल वायरचा तुटका तुकडा या कागदाला टाचणीने जोडला आहे.

१. आधी पुरावा. माझ्या जुन्या पांढऱ्या गाडीचे लॉक वर्षभर मला छळत होते. ड्रायव्हरच्या दाराचे बटण दाबले की चारही दारे लॉक व्हायला हवीत, पण व्हायची नाहीत. गॅरेजवाल्या कलीमकडे नेली की मात्र मुकाट्याने व्हायची. त्याने फ्यूज पाहिला, बॅटरी पाहिली, शेवटी माझ्याच तोंडाकडे पाहिले. "मावशी, लॉक बराबर हाय. तुमाले भास होऊन राह्यला." आणि हेच त्याने पुण्याला माझ्या मुलाला, राजदीपला, फोनवर सांगितले. झाले! राजदीपने माझ्या डोक्यासाठी नागपूरचा डॉक्टर ठरवला, गाडीसाठी भंगारवाला, आणि माझ्यासाठी त्याच्या फ्लॅटमधली मागची खोली. वर्षभर मी स्वतःलाच घाबरत होते, हेही लिहून ठेवते.

२. परवा दुपारी कलीमची आई हुस्नाबी, माझी जुनी मैत्रीण, बाजारात यायला गाडीत बसली. बाहेर उन्हाची लू. ती म्हणाली, "दरवाजा लाव ना वो, तोंड भाजून राह्यलं." दार लावले, बटण दाबले. काही नाही. चिडून दार उघडले, पुन्हा दाबले. खट्! लावले, गप्प. उघडले, खट्! मी ओरडलेच, "हुस्ना, मले समजलं!"

अहो, यवतमाळच्या उन्हात दारे लावून गाडीत बसणारा मायचा लाल आहे कोण? कलीम कायम एक पाय बाहेर टाकून, दार सताड उघडे ठेवून तपासायचा; मी मात्र गाडी चालवताना दार लावूनच बटण दाबायचे. बिजागरीपाशी एक रबरी नळी असते, तिच्यातून वायर दारात जाते. ती आतल्या आत तुटली होती. दार उघडले की टोके भिडायची, लावले की सुटायची. नळी मागे सारून मी ती पाहिली आणि दुखऱ्या गुडघ्यांनी अंगणात नाचले. कलीमला बोलावून नवी वायर जोडून घेतली आणि दार लावून तपासायला लावले. घामाघूम होऊन म्हणाला, "मावशी, चुकलो."

३. गाडी माझी नात अर्पिता हिला. भंगारात कदापि नाही! पन्नाशीनंतर मी गाडी शिकले तेव्हा सासरचे म्हणाले, "नर्सबाई आता विमान उडवते." याच गाडीच्या मागच्या सीटवर, पांढरकवड्याच्या रस्त्यात, कलीमच्या बायकोचे बाळंतपण मी माझ्या हातांनी केले, मुलगी झाली. तेव्हा तो बाहेर उभा राहून रडत होता. माझ्या डोक्याबद्दल तेव्हा कोणाला शंका आली नाही.

४. कलीमला माझा टेबल फॅन. बंद गाडीतले काम करताना लागेल. राग होता, तो निवळला.

५. घर आणि बँकेतली ठेव राजदीपला, पण माझ्या पश्चात. मी जिवंत असेपर्यंत या घरात मी राहणार. राजदीप, तू वाईट नाहीस बाबा, घाबरट आहेस. लहानपणी इंजेक्शन पाहून पलंगाखाली लपायचास.

६. हुस्नाबीला काहीही नाही. साक्षीदाराच्या नावे काही ठेवू नये, असे वकील म्हणाले. मी तिला विचारले, वस्तू पाहिजे की सही करशील? म्हणाली, "वस्तू कायले? आण इकडं पेन."

७. काल दार लावून बटण दाबले आणि राजदीपला फोनवर तो 'खट्' ऐकवला. म्हणाला, "तरी एकदा डॉक्टरला दाखवू, आई." ठीक आहे, नागपूरला येते. पण गाडी मी चालवीन. तू मागे बस, दार ओढून घे. लॉक मी लावीन.

सही: मथुराबाई मुनेश्वर
ठिकाण: लोहारा, गाडीत, चारही दारे बंद
दिनांक: १८ मे २०२५

साक्षीदार:
१) इंदूबाई (शेजारीण). ओरडणे ऐकून धावत आले होते. नाच पाहिला.
२) हुस्नाबी मोहिउद्दीन शेख. मी मागच्या सीटवर होती. मथुराचं डोकं एकदम ठीक हाय. वर्षभर ती सांगून राह्यली होती, आमीच दार लावून पाह्यलं नाही.