ओली दुर्बीण

९ मार्च, सोमवार, दुपार

ती. दादांस,

नमस्कार. खरं तर साष्टांग लिहायची रीत आहे, पण सकाळपासून सिंकवर वाकून माझी पाठ धरली आहे, तेव्हा उभ्यानेच घ्या. गुंगी उतरून तुम्ही घरी पोचला असाल. पित्तनळीतला खडा निघाला हे डॉक्टरांनी सांगितलंच असेल. पत्र तुमच्या छकुलीच्या हाती देतेय. तिला बजावलंय, बाबांनी चार घास खाल्ल्यावरच दे. हे उपाशीपोटी वाचायचं पत्र नाही.

इकडे सगळं ठीक. तुमच्या भावाचा खोकला आता बरा आहे. वरच्या मजल्यावरचे लोक खुर्च्या सरकवायचे ते अखेर थांबले, त्यांनी पायांना रबर लावलं. माझी कामाची वेळ सकाळची झाली आहे, सहाला हजर.

तुमचा निरोप शुक्रवारी मिळाला. छकुली दारातच म्हणाली, "काकू, बाबांचं ऑपरेशन तुझ्या हॉस्पिटलात करायचं ठरलंय. आणि ते म्हणाले, पोटात घालायची दुर्बीण काकूलाच धुऊ दे, दुसऱ्या कुणाच्या हातची नको." पोरीला वाटलं, मी आनंदाने हसले.

दादा, चार वर्षांपूर्वी आई गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी बाहेरच्या खोलीत बारा-पंधरा माणसं बसली होती. तुम्ही माझ्याकडे बोट केलंत आणि म्हणालात, "हिच्या हातचं काम होतं." तोच हात आता हवासा झाला. अडला हरी, गाढवाचे पाय धरी. गाढव कोण, हे ओघानेच आलं.

पण खोटं कशाला बोलू, हे काम मला तुम्हीच शिकवलंत. नवी होते तेव्हा शेजारी उभं राहून ब्रश कसा धरायचा ते दाखवलंत. म्हणायचात, जंतू मारणं सोपं आहे, त्यांचा थर काढणं अवघड. एकदा का नळीच्या आत त्यांनी बुळबुळीत थर धरला, की वरून कितीही औषध ओता, पालथ्या घड्यावर पाणी. खालच्या जंतूंच्या अंगाला ते लागतच नाही. डॉक्टर त्याला बायोफिल्म म्हणतात, तुम्ही 'गिलावा' म्हणायचात. आणि गिलाव्याला ओल लागते. म्हणून ब्रश झाला, औषध झालं, तरी शेवटी दहा मिनिटं नळीत हवा मारायची, आतून ठणठणीत वाळवायची आणि मगच कपाटात टांगायची.

मग तुम्ही विभागाचे प्रमुख झालात. पेशंट वाढले, दुर्बीण एकच. सगळ्यांत जलद विभाग म्हणून भिंतीवर प्रमाणपत्र लागलं. आणि एक दिवस तुम्ही म्हणालात, "संध्याकाळी हवा कशाला मारत बसता? उद्या सकाळी परत ओलीच होणार आहे की!" सगळे हसले. बिनतोड वाटलं असेल. त्या दिवसापासून दुर्बीण रोज ओली टांगली जाऊ लागली.

अशाच एका संध्याकाळी ती ओलीच कपाटात लागली. सकाळी सातला आईंच्या पोटात गेली. त्यांची कावीळ उतरली, आपण सगळे खूश. तिसऱ्या दिवशी हुडहुडी भरली. अकराव्या दिवशी त्या गेल्या. त्यांच्या रक्तातला जंतू आणि दुर्बिणीतला जंतू एकच निघाला. चौकशीत तुम्ही सांगितलंत की हवा मारू नका असं मी कधी बोललोच नाही. जे हसले होते त्यांनाही काही आठवेना. मला काढलं, मी या दुसऱ्या हॉस्पिटलात लागले. तुम्ही तिथेच राहिलात.

तुमचा भाऊ मला सोडून गेला नाही. ओरडलासुद्धा नाही. फक्त चार वर्षं झाली, मी पाण्याचा पेला हातात दिला की तो नळाखाली धरून एकदा खळबळून घेतो आणि मग पितो. मुद्दाम करत नाही, त्याच्या लक्षातही येत नसेल. माझ्या येतं. दिवसातून सहा-सात वेळा.

आता आजचं सांगते. आमच्या धंद्यात एक गंमत आहे. माणसाला मारायला काही करावं लागत नाही, काही न करणं पुरतं. कुणाला दिसत नाही, कशाचा वास येत नाही. मी सहा वाजता धुलाईच्या खोलीत एकटी होते. दुर्बीण माझ्या पुढ्यात, हवेचा नळ माझ्या हातात, आणि यादीत पहिलं नाव तुमचं. मला आठवलं, उद्या परत ओलीच होणार आहे की!

मी हवा मारली की नाही, ते सांगणार नाही. आईंना जसं तिसऱ्या दिवशी कळलं, तसं तुम्हालाही कळेल. थर्मामीटर घरात असेलच. डॉक्टरांना पत्र दाखवायचं तर खुशाल दाखवा. मात्र मग त्यांना पहिल्यापासून सगळं सांगावं लागेल.

पाणी भरपूर प्या.

तुमच्याच हाताखाली तयार झालेली,
भावजय


१३ मार्च, शुक्रवार

ती. दादांस,

नमस्कार. ताप आला नाही ना? येणारच नव्हता.

सोमवारी मी तुमची दुर्बीण जशी धुतली, तशी आजवर कुणाची धुतली नसेल. टोकाशी आतली तार उचलून धरायला जी इवलीशी उचकणी असते, तिच्या मागे बोटभर ब्रश घालून घालून माझी नखं दुखली. बारीक कॅमेरा आत सरकवून सबंध नळी बघितली. दहाच्या जागी तीस मिनिटं हवा मारली. डॉक्टर दोनदा येऊन चिडून गेले. मी म्हटलं, ओली दुर्बीण मी देणार नाही, हवं तर मला काढा, मला सवय आहे. मग वॉर्डातल्या मावशी आल्या. "अगं, बाहेर ते स्ट्रेचरवरचे साहेब विचारतायत, अजून किती वेळ? उगाच कशाला लांबवतायत म्हणतात." सुंभ जळला तरी पीळ जात नाही, दादा! मी म्हटलं, "मावशी, त्यांना सांगा, वाळतेय."

वापरण्याआधी आतला नमुना घेऊन प्रयोगशाळेत पाठवला होता. अहवाल सोबत जोडला आहे. काहीही उगवलं नाही.

म्हणजे तीन दिवस तुम्ही फुकट घाबरलात. छकुली सांगत होती, बाबा तासातासाला काखेत थर्मामीटर लावून बसतात, पंखा लागला तरी म्हणतात थंडी वाजतेय. ऐकून मला इतकं बरं वाटलं की त्या दिवशी दोन घास जास्तच जेवले. लाज वाटायला हवी होती. वाटली नाही. आईंनी जे भोगलं त्याच्या पासंगालाही ते पुरत नाही.

बुधवारी दुपारी तुम्ही भावाला फोन केलात. तुम्ही रडत होतात म्हणे. म्हणालात, "माझं काही खरं नाही आता. हवा मारू नका हे मीच सांगितलं होतं. तिने दोनदा मला अडवलं होतं. मी चौकशीत खोटं बोललो." मरणाच्या भीतीने का होईना, बोललात.

त्याच दिवशी तो कामावरून लवकर आला. मी ओट्यापाशी होते. बूटही न काढता आत आला.

"चुकलो गं मी," म्हणाला. "चार वर्षं तुला..."

"दूध उतू जाईल," मी म्हटलं.

"जाऊ दे."

त्याने माझे दोन्ही हात धरले आणि कपाळाला लावले. या एका क्षणासाठी मी चार वर्षं काढली होती. तुमचं नाक कापलं जावं, त्याच्या डोळ्यांवरची पट्टी निघावी, दुसरं काही मागितलं नव्हतं. सगळं मिळालं. आणि मला त्याच्याकडे बघवेना. हात सोडवून घेऊन मी दूध उतरवलं.

ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? मागच्या पत्रात मी लिहिलं की दुर्बीण ओलीच कपाटात लागली. दुर्बिणी आपोआप लागत नाहीत. मी लावली. तुम्ही सांगितलंत म्हणून नव्हे.

त्या दिवशी दुपारी मी तुम्हाला म्हटलं होतं, आज तरी हवा मारू द्या. तुम्ही सगळ्यांदेखत म्हणालात, "वाळवायची एवढी हौस असेल तर घरी जाऊन कपडे वाळव." तुम्ही विसरला असाल. साडेचारला तुम्ही आईंना बघायला वॉर्डात गेलात आणि तिथूनच घरी. माझ्यावर नजर ठेवायला मागे कुणी नव्हतं. मी दहा मिनिटं हवा मारली असती तर तुम्हाला कळलंही नसतं. आधी कितीतरी वेळा, नमुन्याच्या आदल्या संध्याकाळी तर हटकून, मी तशी चोरून मारली होती.

त्या दिवशी मुद्दाम नाही मारली. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला प्रयोगशाळेचा माणूस महिन्याचा नमुना घ्यायला येणार होता. मला वाटलं, उगवू दे काय उगवायचं ते. ते प्रमाणपत्र खिळ्यासकट खाली येऊ दे. आईंची पाळी दुपारी बाराला होती. नऊला नमुना गेला की मी दुर्बीण पुन्हा घासून, वाळवून त्यांच्यासाठी तयार ठेवणार, असा माझा बेत होता. पण सकाळी त्यांची कावीळ फार वाढलेली दिसली आणि डॉक्टरांनी त्यांना सातलाच आत घेतलं. मी साडेसातला कामावर पोचले तेव्हा कपाट रिकामं होतं.

गिलावा काही एका रात्रीत चढत नाही. तो कित्येक महिने तुमच्या नियमाने चढत होता, ते पाप तुमचं, त्यातला कण मी घेणार नाही. पण ती शेवटची संध्याकाळ एकट्या माझी होती. त्या संध्याकाळी वाळवली असती तर आई वाचल्या असत्या का, हे कुणी सांगू शकत नाही. मी कुणाला विचारलंही नाही. तुमच्यावर सूड उगवायला निघाले आणि मध्ये आई आल्या. हे मी चौकशीत सांगितलं नाही आणि तुमच्या भावालाही नाही. त्याला मी एवढंच म्हणत आले की दादांचा हुकूम होता. त्याचा विश्वास नव्हता तेव्हा मला त्याचा राग यायचा. आता विश्वास बसलाय, तर घास घशाखाली उतरत नाही.

छकुली म्हणाली, तुम्हीच घरी बोललात की तुमच्या हॉस्पिटलात अजूनही दुर्बिणी ओल्याच टांगतात. तुम्ही कामावर परत जाल तेव्हा पहिल्यांदा तो नियम स्वतःच्या हाताने लिहून रद्द करा आणि चौकशी समितीला खरं काय ते कळवा. आठ दिवस वाट बघेन. नाहीतर मी येईन आणि तुमचं-माझं दोघांचंही सांगेन. प्रकृतीची सबब चालणार नाही. तुम्ही ठणठणीत आहात, अहवाल माझ्याकडेही आहे. मी तुम्हाला माफ केलेलं नाही, करणारही नाही. तुम्ही मला करावं असंही म्हणणं नाही.

हे पत्र मी पाकिटात घालत नाही. जेवणाच्या टेबलावर उघडं ठेवतेय, शेजारी पाकीट कोरंच. तुमचा भाऊ सहाला येतो. पत्ता लिहायचा तर तो लिहील, पोस्टात टाकायचं तर तो टाकेल. तेव्हा हे तुमच्या हातात पडलं असेल, तर त्याने ते वाचलेलं आहे.

आईंची धाकटी सून