मुठीची परीक्षा

कोल्हार, मंगळवार

प्रिय धनश्री,

गायी टाकून बारशाला येता येणार नाही असं मी कळवलं, तेव्हापासून तू माझ्याशी धड बोलत नाहीस. आईला नातीपेक्षा गायी जवळच्या, असं जावयांना म्हणालीस म्हणे. फोन तू मध्येच ठेवतेस, म्हणून पत्र लिहिते.

काल इथे दूध डेअरीवर तपासणीचं शिबिर होतं. पूजा नावाची डॉक्टर आली होती, तुझ्याहून लहान. तिच्याकडे मुठीत धरून दाबायचं यंत्र होतं. जोर किती लागला ते किलोत दाखवतं. मुठीवरून सगळ्या अंगाची तब्येत कळते म्हणे, तिशीपर्यंत जोर वाढतो, पन्नाशीनंतर उतरत जातो. शेजारच्या ओमला, बाविशीतल्या गड्याला, अठ्ठावीस भरले. त्याचे आजोबा भिमाजीभाऊ ऐंशीला टेकलेत, त्यांना तीस! ओमचं तोंड बघण्यासारखं झालं.

मग माझी पाळी. मी दाबलं, आकडा आला नऊ. पुन्हा दाबलं, पुन्हा नऊच. पूजाने यंत्र उलटसुलट करून पाहिलं. तेवढ्यात भिमाजीभाऊ ओरडले, "अवो डॉक्टरबाई, ती धार काढतीया! सड दुखू न्हाई असं दाबतीया. राहीबाई, कालवडीचं दावं धरलंय समज!" खरंच की गं. चाळीस वर्षं हाताला तीच सवय. मग दावं धरावं तशी मूठ आवळली. उजव्या हाताला सव्वीस, डाव्याला चोवीस. सदुसष्टाव्या वर्षी! सगळे हसले, मी मात्र पदराने डोळे पुसले.

धनू, गायींचं मी खोटं सांगितलं. बारशाच्या आठवड्यात दुधाने भरलेली चरवी माझ्या हातून सुटली, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा. पाळण्याच्या अल्याड उभं राहून पल्याड आत्याच्या हाती बाळ द्यायचा मान माझा, आणि मला माझ्याच हातांचा भरवसा वाटेना. तू रागावलीस तरी चालेल, पण तुझी लेक हातून निसटायला नको, म्हणून घरी बसले. काल पूजाला सगळं सांगितलं, त्याआधी आलेल्या तापाचंही. तिने नीट तपासलं आणि मलाच दटावलं, तापातून उठून लगेच धारेला बसलात, दुसरं काय होणार? आता हात ठणठणीत आहेत म्हणाली. भिमाजीभाऊंची सून गायी बघेल. पुढच्या गुरुवारच्या एसटीने येते. माझ्याशी बोलायचं नसेल तर बोलू नकोस, पण दारातच बाळ माझ्या हातात दे.

तुझीच,
आई